गायक गेला, बेसवाला गेला. आता बँड उरला का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचा पाच जणांचा बँड, सहा वर्षं झालेली. गायक शिकायला कॅनडाला चाललाय. बेसवाल्याने लग्नानंतर "आता नाही जमत" म्हणून हात वर केले. उरले ड्रमर, गिटारवाला आणि प्रश्न विचारणारे कीबोर्डवादक. नाव तेच ठेवायचं का? नवीन माणसांनी जुनं जसंच्या तसं वाजवायचं का? मोठे बँड हे कसं निभावतात? आणि शेवटी एक अगदी घरगुती अडचण: जुन्या गायकाची उंच पट्टीतली गाणी नव्या मुलाला झेपत नाहीत, त्याचं काय करायचं?

मी बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवतो. तीस वर्षांच्या वर झाली. मला एकदा बँडमधून काढलंय आणि मीही एकाला काढलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. उत्तर आधीच देऊन टाकतो: नाव ठेवा. तुमचा ड्रमर राहतोय ना, मग बिनधास्त ठेवा. कारण सांगायला मात्र वेळ लागेल, आणि त्यासाठी मी डीप पर्पल या इंग्लंडच्या रॉक बँडची गोष्ट सांगणार आहे. माणसं बदलण्याच्या जितक्या बऱ्यावाईट तऱ्हा आहेत, त्या जवळपास सगळ्या या एका बँडने वापरून झाल्यात.

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत "नव्या संचात" असं छापतात. डीप पर्पलचे चाहते त्यांच्या संचांना नंबर देतात: मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री, जशी मोटारींची मॉडेलं. गंमत म्हणजे हा बँड मुळात माणसं बदलण्याच्या कल्पनेतूनच निघालेला आहे. १९६७ मध्ये सर्चर्स या बँडचा ड्रमर ख्रिस कर्टिस याच्या डोक्यात आलं की 'राउंडअबाउट' नावाचा एक बँड काढायचा. राउंडअबाउट म्हणजे जत्रेतला गोल फिरणारा पाळणा. पाळणा फिरत राहील, वादक चढतील, उतरतील. पैसे लावायला टोनी एडवर्ड्स नावाचा लंडनचा कापडधंद्यातला माणूस तयार झाला. कर्टिसने ऑर्गनवादक जॉन लॉर्डला गाठलं, हॅम्बुर्गहून गिटारवाला रिची ब्लॅकमोर याला बोलावलं, आणि मग पाळण्यातून सर्वांत आधी उतरला तो कर्टिसच. १९६८ च्या वसंतात जो संच उभा राहिला त्यात लॉर्ड, ब्लॅकमोर, गायक रॉड एव्हन्स, बेसवर निक सिम्पर आणि ड्रमवर इयन पेस होता. ब्लॅकमोरच्या आजीचं एक आवडतं जुनं गाणं होतं, त्यावरून बँडला नाव मिळालं.

या पाच जणांचं 'हश' हे गाणं १९६८ मध्ये अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे पहिल्याच वर्षी यश. दीड वर्षात तीन अल्बम. आणि तरी १९६९ मध्ये लॉर्ड, ब्लॅकमोर आणि पेस या तिघांनी ठरवलं की आपल्याला जास्त कडक, जास्त मोठ्या आवाजाचं वाजवायचंय, आणि एव्हन्सचा मऊ, ताणून न गाणारा आवाज त्याला पुरणार नाही. ब्लॅकमोरचा एक जुना सहकारी एपिसोड सिक्स नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होता, त्याने तिथल्याच गायकाचं, इयन गिलनचं नाव सुचवलं. गिलनबरोबर त्या बँडचा बेसवाला रॉजर ग्लोव्हरही आला. आणि इथे एक गोष्ट घडली जी मला आजही खटकते. नवा पाच जणांचा संच लंडनच्या हॅनवेलमधल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये गुपचूप तालमी करत होता आणि त्याच दिवसांत जुना संच ठरलेले कार्यक्रम वाजवत होता. एव्हन्स आणि सिम्पर यांना काही पत्ता नव्हता. म्हणजे लॉर्ड, ब्लॅकमोर, पेस यांनी दुपारी एका बेसवाल्याबरोबर वाजवायचं आणि रात्री दुसऱ्याबरोबर.

संगीताच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, हे कोणीही मान्य करेल. १९७० चा 'इन रॉक' ऐका. तो पहिल्या संचाकडून झालाच नसता. पण वागणूक चुकीची होती. आणि असल्या वागणुकीची उधारी पुढे कधी वसूल होते सांगता येत नाही. पर्पलच्या बाबतीत ती अकरा वर्षांनी, फार विचित्र रीतीने पुढे आली. तिकडे येतोच.

तुमच्या गायकाला आणि बेसवाल्याला तुम्ही काढत नाही आहात, ते स्वतः जातायत, त्यामुळे हा भाग तुम्हाला लागू नाही असं वाटेल. पण एक लक्षात घ्या: गायक अजून गेलेला नाही आणि तुम्ही नव्या मुलाला ऐकून झालात, हे तुमच्या प्रश्नावरूनच कळतं. जुन्या गायकाला हे सांगितलंय का? नसेल तर आजच सांगा. मला काढलं तेव्हा मला ते बँडमधल्या कोणाकडून कळलं नाही. जॅमरूमच्या मालकाने सहज विचारलं, "काल तुमच्याऐवजी कोण होता वाजवायला?" त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण त्या खोलीतला कुबट वास, अंड्याच्या ट्रे चिकटवलेल्या भिंती आणि माझ्या खांद्यावरची गिटारबॅग हे सगळं अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्या बँडशी मी पुढे बारा वर्षं बोललो नाही.

तर मार्क टू. लॉर्ड, ब्लॅकमोर, पेस, गिलन, ग्लोव्हर. लोक डीप पर्पल म्हणतात तेव्हा नव्वद टक्के वेळा त्यांच्या डोक्यात हाच संच असतो. सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्राबरोबर लॉर्डची रचना वाजवली, मग 'इन रॉक', 'फायरबॉल', आणि डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये 'मशीन हेड'. जिथे रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं तो कॅसिनो फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर गन उडवल्याने जळून गेला, आणि त्या धुरावरून 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं सुचलं, ज्याची रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) आज जगभर वाजवली जाते, हे गिटारच्या दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक पोऱ्याला ठाऊक आहे. 'चाइल्ड इन टाइम'चा किस्सा मात्र आपल्याकडे कमी लोकांना माहीत असतो. त्याची ऑर्गनवरची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या एका तुकड्यावरून घेतलेली आहे, आणि त्या तुकड्याचं नाव आहे 'बॉम्बे कॉलिंग'.

या संचाने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. गाणं कोणीही आणलेलं असो, श्रेय पाचही जणांचं. पेसने एकही ओळ लिहिली नसेल, तरी त्याचं नाव आहे. तुमच्यासारख्या बँडला हे लागू करावं असं मी सांगेन, कारण श्रेयावरून होणारी भांडणं वरवर मानाची दिसतात, पण आतून पैशाची असतात. पण हेही सांगायला हवं की समान वाटणी असूनही हा संच चार वर्षांतच मोडला. थकव्याने. एकामागून एक दौरे, मधे विश्रांती नाही, आजारपणं अंगावर काढलेली, आणि गिलन व ब्लॅकमोर यांच्यातून विस्तव जात नव्हता. डिसेंबर १९७२ मध्ये गिलनने राजीनाम्याचं पत्र दिलं आणि ठरलेले कार्यक्रम जून १९७३ पर्यंत पुरे केले. सहा महिने! राजीनामा दिलेला गायक रोज रात्री मंचावर, आणि शेजारी ज्याच्यामुळे राजीनामा दिला तो माणूस. ब्लॅकमोर राहणार असेल तर ग्लोव्हरही नको, असं पुढे निघालं, आणि काही चूक नसताना ग्लोव्हरही गेला. (बेसवाले! बळी नेहमी आमचाच.) हाच ग्लोव्हर काही वर्षांनी ब्लॅकमोरच्याच रेनबो बँडमध्ये निर्माता आणि बेसवादक म्हणून गेला. या धंद्यात कोणाशी कायमचं तोंड फिरवू नये, ते याच्यासाठी.

इथे आपल्या घरचं एक उदाहरण आठवतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' उभं केलं आणि १८८५ मध्ये ते गेले. मंडळी बंद पडली नाही; भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर ती चालली. १९०१ मध्ये भाऊराव गेले. १९०५ मध्ये बालगंधर्व आले, आणि १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व मंडळी काढली. मग किर्लोस्कर मंडळीत दीनानाथ मंगेशकर आले, आणि १९१८ मध्ये तेही बाहेर पडले, बळवंत मंडळी निघाली. आता बघा: दोन मोठे मृत्यू पचवले त्या कंपनीने, पण माणसं गटाने उठून गेली तेव्हा ती खचली. मृत्यूत उरलेले एकत्र येतात, फुटीत उरलेले एकमेकांकडे संशयाने बघतात. "नवा संच" आणि "फुटलेली कंपनी" या दोन गोष्टी प्रेक्षकाला बाहेरून सारख्याच दिसतात, आतून त्यांचा काही संबंध नसतो. तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे, नशीब समजा.

परत पर्पलकडे. १९७३ मध्ये त्यांनी काय केलं? प्रसिद्ध गायक शोधला, फ्री या बँडच्या पॉल रॉजर्सला विचारलं, तो नाही म्हणाला. मग रेडकार नावाच्या गावात कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल नावाचा एकविसेक वर्षांचा पोरगा घेतला, टेपवर आवाज ऐकून. बेसला ट्रॅपीझ बँडचा ग्लेन ह्यूज, जो स्वतः जबरदस्त गायक. म्हणजे गिलनसारखा किंचाळणारा दुसरा माणूस त्यांनी शोधलाच नाही. एकाच्या जागी दोन गळे आणले, एक खर्जातला, एक वरचा, आणि सगळा ढंगच बदलला. १९७४ चा 'बर्न' ऐका. त्यातलं शीर्षकगीत दोघं वाटून गातात. एप्रिल १९७४ मध्ये कॅलिफोर्निया जॅमला दोन लाखांच्या वर लोकांसमोर हा संच वाजला, आणि "गिलन कुठाय" असं विचारायला कोणाला फुरसत मिळाली नाही. (ब्लॅकमोरने त्या दिवशी गिटार थेट टीव्हीच्या कॅमेऱ्यात घुसवली आणि अँप्लिफायरचा स्फोट करवला, हेही फुरसत न मिळण्याचं एक कारण असेल.)

इथे मला जे म्हणायचंय ते येतं. पर्पलचे जे बदल टिकले, ते "आपल्याला आता असं वाजवायचंय" म्हणून झाले. जे फसले, ते "दुकान बंद पडता कामा नये" म्हणून झाले.

फसलेला पहिला: १९७५. ह्यूज आणि कव्हरडेलचा सोल-फंक या अमेरिकन नाचत्या ढंगाकडे कल वाढला, ब्लॅकमोर वैतागून गेला. बँड तिथेच थांबवावा, असा विचार झाला होता. पण थांबले नाहीत. अमेरिकन गिटारवाला टॉमी बोलिन घेतला. माणूस असामान्य वाजवायचा. ड्रमर बिली कोबहॅमच्या 'स्पेक्ट्रम' या अल्बमवर त्याने काय केलंय ते ऐकून बघा. 'कम टेस्ट द बँड' हा अल्बमही माझ्या मते लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. पण मंचावर लोक ब्लॅकमोर मागत होते, बोलिन व्यसनात खोल गेला होता, आणि त्याला सावरायला कोणी मोकळं नव्हतं. डिसेंबर १९७५ च्या जपान दौऱ्यात त्याचा डावा हात इतका बधिर झाला होता की गिटारच्या बऱ्याच जागा लॉर्डला ऑर्गनवर भरून काढाव्या लागल्या. १५ मार्च १९७६ ला लिव्हरपूलला शेवटचा कार्यक्रम. कव्हरडेल राजीनामा द्यायला गेला तर त्याला कळलं की राजीनामा द्यायला बँडच उरलेला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोलिन गेला, पंचविसाव्या वर्षी.

मग ती अकरा वर्षांपूर्वीची उधारी. १९८० मध्ये डीप पर्पल अस्तित्वात नव्हतं. अशा वेळी रॉड एव्हन्स, तोच १९६९ ला अंधारात ठेवलेला गायक, भलत्याच चार वादकांना घेऊन डीप पर्पल या नावाने मेक्सिको, अमेरिका, कॅनडा असे कार्यक्रम करायला लागला. मागे एक कंपनी होती. तिकिटं काढून आलेल्या लोकांना मंचावर ओळखीचं कोणी दिसेना. कोर्टात दावा झाला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ६,७२,००० डॉलरची भरपाई बसली. एव्हन्सची जुन्या अल्बमची रॉयल्टीही गेली, आणि तो माणूस संगीतातून जवळपास नाहीसाच झाला. 'हश' गाणारा गळा तो! मला त्याचं समर्थन करायचं नाही. पण त्याच्या बाजूने विचार करून बघा: नाव माझं पण होतं, मी पहिल्या दिवसापासून होतो, मग मी का नाही वापरायचं? हा प्रश्न उद्या तुमच्या गायकाला टोरांटोत पडू शकतो. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात त्याने तुमच्याच नावाने दोन कार्यक्रम केले तर?

म्हणून नावाचं आत्ताच, गोडीत असतानाच लिहून घ्या. वकील नंतर, आधी एका कागदावर मराठीत, सगळ्यांच्या सह्यांनी. नाव कोणाचं? जो बाहेर पडेल त्याला "अमुक बँडचा माजी गायक" म्हणवून घेता येईल, पण नुसतं नाव वापरता येणार नाही. आत्तापर्यंतची ओरिजिनल गाणी कोणाकोणाची, आणि तो गेल्यावरही त्याचा वाटा चालू. यूट्यूब, इन्स्टा आणि ज्या खात्यातून गाणी स्ट्रीमिंगला टाकलीत, त्याचे पासवर्ड कोणाकडे? हसू नका. आमच्या एका बँडचं फेसबुक पान आजही मृतावस्थेत पडून आहे, कारण ज्याने ते काढलं त्याचा तो नंबर बंद झालाय. नावावर थोडे पैसे मिळायला लागले असतील तर ट्रेडमार्क करून घ्या. मनोरंजनाच्या सेवा वर्ग ४१ मध्ये येतात. आणि गाणी तुमची स्वतःची असतील तर ज्यांनी चाल किंवा शब्द केलेत, त्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं. हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. पुढे जातो.

१९८४ मध्ये मार्क टू पुन्हा एकत्र आलं, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' आला, चांगला चालला. पण आता श्रेय पाच जणांचं राहिलं नव्हतं. बहुतेक गाण्यांवर ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर अशी तीनच नावं. आणि जुनं भांडण जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू. १९८९ ला गिलनला काढलं, रेनबोचा जुना गायक जो लिन टर्नर आणला, १९९० चा अल्बम लोकांना रेनबोसारखाच वाटला, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मग पंचविसाव्या वर्षासाठी गिलनला परत आणलं, तेव्हा ब्लॅकमोर बिनसला आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर कायमचा निघून गेला, दौरा अर्ध्यावर टाकून. जपानच्या तारखा ठरलेल्या. तिथे गिटारवाला जो सॅट्रियानी धावून आला आणि १९९४ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याने निभावून नेलं. नाटकवाले याला रिप्लेसमेंट म्हणतात: संवाद पाठ, कपडे मापाचे, प्रयोग रद्द नाही.

नोव्हेंबर १९९४ मध्ये गिटारला स्टीव्ह मोर्स आला, आणि पाचच महिन्यांत, ८ एप्रिल १९९५ ला, हा संच मुंबईत वाजला. मी कॉलेजात होतो. पुण्याहून तिघं सिंहगड एक्स्प्रेसने गेलो, बसायला जागा नाही. आमच्यातल्या एकाला ब्लॅकमोर बँडमध्ये नाही हे गाडीत कळलं आणि तो कर्जतपर्यंत आमच्याशी बोलला नाही. त्या कार्यक्रमाची चित्रफीत पुढे निघाली, तिचं नाव ठेवलं 'बॉम्बे कॉलिंग'. वर सांगितलेला किस्सा माहीत असेल तर हे नाव किती मजेचं आहे ते कळेल.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ घ्या. आपल्या भाषेत सांगतो, जी चा सा धरा: सा, कोमल ग, म; सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म; सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. झालं. पण हे एकेका तारेवर नाही. प्रत्येक सुराखाली चार सूर खालचा जोडीदार आहे, म्हणजे साच्या खाली मंद्र पंचम, दोन्ही तारा एकदम. आणि पिकने (तारा छेडायच्या पत्रीने) नाही, बोटांनी चिमटून, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात. पिकने मारलं की एक आधी, एक नंतर येतो. फरक केसाएवढा असतो, पण सगळी धार जाते. शिवाय लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल अँपमधून खरखरीत होऊन त्याच रिफला चिकटलेला. तुम्ही कीबोर्डवर आहात म्हणून सांगतो: ती रिफ निम्मी तुमची आहे. आधी गिटार एकटी, मग पेसची हायहॅट (ड्रममधली झांजांची जोडी) चटचट सुरू होते, आणि बेस थांबून, नंतर येतो. तो येतो तेव्हा जमीन आल्यासारखं वाटतं.

मोर्सने रिफ अशीच वाजवली. तिथे स्वतःची हुशारी नाही. पण सोलो (गिटारचा एकटीचा तुकडा) आला आणि तो मोर्स झाला: अमेरिकन, एकेक सूर पिकने तोडून, भरधाव, कुठेही ब्लॅकमोरची नक्कल नाही. गाण्याचा जो भाग लोक तोंडाने म्हणतात तो जसाच्या तसा, जो भाग लोक फक्त ऐकतात तो वाजवणाऱ्याचा स्वतःचा. नव्या बेसवाल्याला आणि गायकाला एवढंच सांगा. गाणं घेऊन बसा, लोक कुठे कुठे गुणगुणतात तिथे पेन्सिलने खूण करा. तेवढं पक्कं, बाकी मोकळं. तुमच्या जुन्या गायकाच्या लकबी, ते मधेच हसणं, तो "नाशिककर!" असा पुकारा, हे नव्या मुलाकडून करवून घेऊ नका. बिचारा केविलवाणा दिसेल.

१९९६ च्या 'पर्पेंडिक्युलर'वर श्रेय पुन्हा पाच जणांचं झालं. मोर्स २०२२ पर्यंत राहिला, पत्नीच्या आजारपणासाठी त्याने सोडेपर्यंत. म्हणजे जवळपास अठ्ठावीस वर्षं. ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून एवढी भरत नाहीत. २००२ मध्ये जॉन लॉर्ड निवृत्त झाला, डॉन एरी आला. पण लॉर्डच्या दुखापतीत त्याने आधीच जागा सांभाळलेली होती, त्यामुळे बदल कळलासुद्धा नाही. मोर्सनंतर आलेला सायमन मॅकब्राइडही गिलन आणि एरीबरोबर आधी वाजवलेला. पाळणा अजून फिरतोय, पण आता उतरणारा सांगून उतरतो.

आणि १९६८ पासून प्रत्येक संचात असलेला माणूस एकच: इयन पेस. डावखुरा ड्रमर, चष्मेवाला. संस्थापक म्हणून त्याचं नाव आधी घेत नाहीत, रिफ त्याच्या नाहीत, मुलाखतीत बोलतो तो मोजकं. पण गिटारवाले पाच झाले आणि तरी बँड तोच वाटला, कारण त्याचा तो पुढे झुकणारा, तरी न पळणारा ठेका तोच राहिला. श्रोता गायकाला चेहऱ्याने ओळखतो आणि बँडला ठेक्याने. त्याला हे माहीत नसतं, पण ओळखतो तो असाच. म्हणून मी सुरुवातीला तुमच्या ड्रमरबद्दल विचारलं. नवीन बेसवाला निवडताना तुम्ही आणि गिटारवाल्याने तोंड बंद ठेवा, निवड ड्रमरला करू द्या. दोघांना एका खोलीत बसवा, गाणं नको, एकच ताल वीस मिनिटं. खोलीबाहेर थांबा. आतून हसण्याचा आवाज आला की चहा सांगा, माणूस मिळाला.

नाव बदलण्याचंही एक चांगलं उदाहरण मुंबईतच आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीनने १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतलं. गळा उदय बेनेगलचाच, गिटार महेश तिनईकरचीच. माणसं गेली म्हणून नव्हे, वाजवणं बदललं म्हणून नाव बदललं. १९९७ ला थांबले, २०१० मध्ये थोड्या नव्या संचात परत आले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' काढला. तर नियम असा काही नाही. तुमचा नवा गायक आल्यावर दोन वर्षांत गाणी इतकी बदलली की जुनं नाव अंगाला बसेना, तर तेव्हा बदला. आज नको. सहा वर्षं घासून मिळवलेलं, आयोजकांच्या फोनमध्ये सेव्ह असलेलं नाव गायकाच्या विमानात बसवून पाठवू नका.

राहिली पट्टी. यात लाज कसली? 'चाइल्ड इन टाइम'मधल्या किंकाळ्या वयानुसार जमेनात तेव्हा गिलनने ते गाणं गाणंच सोडलं. २००२ नंतर ते त्यांच्या यादीतून गेलं. तुमच्या मुलाला एवढं करायची गरज नाही, एक पूर्ण स्वर, म्हणजे कीबोर्डच्या दोन पट्ट्या, खाली या. गिटारवाला कुरकुर करेल, कारण त्याच्या मोकळ्या तारा जातील आणि रिफचा नाद बदलेल. त्याला अख्खी गिटार तेवढाच एक स्वर खाली लावू द्या, जरा जाड तारा घालून, म्हणजे बोटं जिथल्या तिथे राहतील. तुम्ही मात्र कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण वापरू नका, नवी पट्टी बोटांत बसवा. ते बटण मागच्या गाण्यानंतर पूर्ववत करायचं राहून जातं. कोल्हापुरात एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमचं राहिलं होतं. पहिल्या चार मात्रांत सगळ्या मैदानाला कळलं, फक्त कीबोर्डवाल्याला कळलं नाही, कारण त्याच्यासमोरचा, स्वतःचं वाजवणं ऐकवणारा स्पीकर (मॉनिटर) बंद होता.